न वाकण्याचा नेम

।। बिरोबा प्रसन्न ।।

गोरडवस्ती, ता. माण, जि. सातारा
रविवार, १७ नोव्हेंबर २०२४

ती. मंगलअक्का,
शि. सा. न. वि. वि.

शुक्रवारी सकाळी मी काय केलं ते आधी सांगतो, खुशाली मागाहून. उजाडता उजाडता मेंढरांच्या वाड्यावर गेलो तर एक मेंढी व्यालेली होती. कोकरू जाळीबाहेर दवानं भिजलेल्या मातीत पडून थरथरत होतं. तुझी भावजय दगडाबाई विहिरीवर गेली होती. वाकून उचलायचं आणि आईपाशी ठेवायचं, एवढंच काम. मी कमरेचा पट्टा चाचपला आणि वहाणेच्या टोकानं ते कोकरू ढकलत ढकलत मेंढीपाशी नेलं. ते दोनदा कोलमडलं आणि मातीनं माखलं. जगलं आहे, काळजी करू नकोस. पण आपल्या घरात आजवर कुणी कोकराला पाय लावला नव्हता.

कंबर धरल्याला सहा वर्षं झाली. तेव्हा डॉक्टरांनी वाकू नका, वजन उचलू नका म्हणून सांगितलं, ते मी आजतागायत पाळलं. पट्टा फक्त आंघोळीला निघतो. तरी दुखणं आहे तिथंच आहे.

आपली कातरणी सावडीनं होते. आज अर्जुनाच्या वाड्यावर सगळ्यांनी मिळून लोकर कातरायची, उद्या रविराजच्या, परवा माझ्या. मी सहा वर्षं कुणाकडं कातरायला गेलो नाही, तरी माझी साठ मेंढरं ती माणसं मुकाट्यानं कातरून जातात. पहिली दोन वर्षं मला ती माया वाटली. आता लाज वाटते. त्यांची पंगत बसते तेव्हा मी पाणी वाढत फिरतो.

तुझ्या विश्वजितनं सांगलीत बेदाण्याच्या कोल्ड स्टोरेजवर माझ्यासाठी राखणदाराची जागा पाहिली आहे, तुला ठाऊकच आहे. दारात खुर्ची टाकून बसायचं. फलटणकडचा एक गिऱ्हाईक सगळी मेंढरं एकदम घ्यायला तयार आहे. शिवरात्रीच्या आत मला दोघांनाही उत्तर द्यायचं आहे. मेंढरं गेल्यावर मी कोण, असं मनात येतं. पण ज्याला कोकरू उचलता येत नाही त्यानं हे विचारावं तरी कशाला? तू काय म्हणतेस ते कळव. फोन तुझ्या कानाला सोसत नाही, आणि विश्वजित ओरडून सांगतो ते तुझ्याआधी शेजाऱ्यांना कळतं, म्हणून तू म्हणालीस तसं लिहिलं.

माया आहे ती पातळ होऊ देऊ नकोस.

तुझा धाकटा,
जोतीराम


।। श्री ।।

सांगली
२५ नोव्हेंबर २०२४

चि. जोतीराम यास मंगलअक्काचे अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र पोचलं. दोनदा मजकूर वाचला आणि तिसऱ्यांदा नुसतं अक्षर पाहिलं. गुरुजींनी छड्या मारून वळवलेलं अक्षर अजून तसंच हाय.

पण लबाडा, पत्रात शिरसाष्टांग घालतोस आणि दिवाळीला दारात आलास तवा खांबासारखा उभा होतास. मला वाटलं भाऊ लय मोठा झाला. सूनबाईनं समजूत घातली, की मामांना गर्व न्हाई, पट्टा हाय.

आता नीट ऐक. माझ्या गुडघ्यासाठी मी इथं एका पोरीकडं जाते. शरयू नाव. फिजिओथेरपिस्ट, म्हणजे व्यायाम शिकवून दुखणं हलकं करणारी. अंगानं काडी, पण आवाज हवालदाराचा, त्यामुळं तिचं मला सगळं ऐकू येतं. तुझं पत्र तिला वाचून दाखवलं. कोकराचं ऐकून ती हसली न्हाई. सहा वर्षांत एकदाही वाकले नाहीत का, एवढंच तिनं विचारलं. मी म्हटलं, आमचा जोती असाच. सातवीत असताना मारुतीला शनिवारचं मीठ सोडलं ते अजून तोंडात घालत न्हाई. त्याला कुणी काही पाळायला सांगावं आणि विसरून जावं.

ती म्हणाली, त्यांना पाठवा आणि जुने कागद झाडून सगळे आणायला सांगा. तर पिशवीसकट ये. नोकरीचं नंतर बोलू. मागची खोली मात्र मी रंगवून घेतली हाय, ते आधीच सांगून ठेवते.

दगडाबाईला विचारलं म्हणावं. उत्तर लिहीत बसू नकोस, सरळ एसटीत बस.

वाट पाहणारी,
अक्का


।। बिरोबा प्रसन्न ।।

गोरडवस्ती
रविवार, १५ डिसेंबर २०२४

ती. अक्का,
शि. सा. न. वि. वि.

सुखरूप पोचलो. तू बांधून दिलेली चटणी दहिवडीपर्यंत बसभर वास देत होती.

शरयूताईंकडं जे झालं त्याचा मी अजून विचार करतो आहे. तू शेजारी बसली होतीस, तरी तुला किती ऐकू आलं कोण जाणे. त्यांनी आधी विचारलं लघवीवर ताबा आहे का, आणि तेही त्या आवाजात. बाहेरच्या बाकावरची माणसं माना वळवून बघू लागली. मग पाय बधिर होतात का, ताप येतो का, वजन घटलं का. मी प्रत्येकाला नाही म्हणत गेलो आणि त्या खूश होत गेल्या. यातलं एखादं असतं तर आधी मोठ्या डॉक्टरकडं धाडलं असतं, म्हणाल्या.

नंतर त्यांनी एमआरआयचा फोटो उजेडाला धरला. मी विचारलं, ही झिजलेली जागा तीच दुखते ना? त्या म्हणाल्या, तुमच्या वयाच्या पुष्कळ माणसांचे फोटो असेच येतात आणि त्यांना काहीच दुखत नसतं. केस पिकतात तसं आत हे होतं. मग दुखतं ते काय, असं मी विचारलं. त्यांनी फोटो खाली ठेवला. मग म्हणाल्या, पुरतं कुणालाच ठाऊक नाही. दुखणं खरं आहे, पण इतक्या वर्षांनंतर दर कळेमागं काही मोडलेलं असतंच असं नाही.

परत येताना बसमध्ये मला आपली कुत्री आठवली. एकदा लांडगा येऊन गेला की ती पुढं महिनाभर पाचोळा हलला तरी भुंकते. तिचं भुंकणं खोटं नसतं, फक्त लांडगा नसतो. माझ्या कमरेचं असंच काही असेल का?

आता लाजेची गोष्ट. पिशवीच्या तळाशी पहिल्या डॉक्टरांची चिठ्ठी निघाली. तिच्यावर इंग्रजीत लिहिलं होतं, वाकणे व वजन उचलणे टाळावे, तीन आठवडे. अक्का, तीन आठवडे. डॉक्टरांचा दोष नाही, त्यांनी लिहून दिलं होतं. मी तोंडचं तेवढं धरलं आणि कागद घडी करून ठेवला. कुणाला वाचायला दिला असता तर? पण दिला नाही.

व्यायाम असे आहेत. उताणं पडून गुडघे छातीशी घ्यायचे. मग पाय रोवून कंबर उचलायची. मग रांगणाऱ्या मुलासारखं होऊन उजवा हात आणि डावा पाय लांब करायचा, मग उलट. हाताचा आधार न घेता स्टुलावरून दहा वेळा उठायचं. आणि फडक्यात तीन किलो बाजरी बांधून ते गाठोडं स्टुलावरून उचलायचं, दर आठवड्याला अर्धा किलो वाढवत, पुढं जमिनीवरून. पट्टा हळूहळू कमी करायचा. मी म्हटलं, मी मेंढरांमागं दिवसभर चालतो तो व्यायाम नव्हे का? त्या म्हणाल्या, चालणं चांगलंच, पण तुम्ही पाठीची फळी करून चालता. मी असंही विचारलं, की यातला खरा गुणकारी कोणता? कोणताच राजा नाही, तुम्ही करत राहाल तो, असं उत्तर आलं. औषध असं कधी असतं का? मला याचं मोठं नवल वाटतं.

मंगळवारपासून बिरोबाला सांगून सुरुवात केली. पहिल्या दिवशी मी अंगणात रांगत असताना अर्जुना आला. एडक्याशी टक्कर घ्यायची हाय का, म्हणून त्यानं चौकशी केली. कुत्रीनं तोंड चाटलं. दगडाबाईनं बाहेर सांगून ठेवलं आहे, की त्यांची अंगठी हरवली आहे, शोधत आहेत.

बरं झाल्यावर काय करायचं आहे, असं शरयूताईंनी विचारलं तेव्हा मी कातरणी म्हटलं. एक गोष्ट त्यांना सांगितली नाही. बिरोबापुढं मला पुन्हा पालथं पडून दंडवत घालायचा आहे. सहा वर्षं मी देवापुढं पाहुण्यासारखा ताठ उभा राहतो. हे तुझ्यापाशीच ठेव.

आठवण ठेवतेस, तशीच ठेव.

जोतीराम


।। श्री ।।

सांगली, २४ डिसेंबर २०२४

चि. जोतीस आशीर्वाद.

घाईत लिहिते. तुझी अंगठी सापडली का? विश्वजित म्हणतो, बाजरी उचलून कंबर बरी झाली असती तर अख्खा माण तालुका पैलवान झाला असता. त्याच्याकडं लक्ष देऊ नकोस. कोल्ड स्टोरेजवाले शिवरात्रीपर्यंत थांबतील. शरयू दर खेपेला तुझं वजन विचारते, म्हणजे बाजरीचं. कळव.

खोलीत नवा पंखा लावला.

अक्का


।। बिरोबा प्रसन्न ।।

गोरडवस्ती
रविवार, २६ जानेवारी २०२५

ती. अक्का,
शि. सा. न. वि. वि.

हे पत्र पडून लिहितो आहे, अक्षराला नावं ठेवू नकोस.

तुला एक सांगितलं नव्हतं. सुरुवात केली त्या दिवशी मी बिरोबाला बोललो होतो, की एक्केचाळीस दिवस एकही खाडा न करता हे करीन, तू माझी कंबर मोकळी कर. आणि मी केलं. थंडीत केलं, अंकिताच्या सासरचे पाव्हणे आले त्या दिवशीही केलं. लेकीच्या सासऱ्यांसमोर रांगणं सोपं नसतं. बाजरी साडेपाच किलोवर नेली. गेल्या रविवारी एक्केचाळिसावा दिवस भरला. देवळात गेलो, पट्टा सोडला, दंडवत घातला आणि उठून घरी आलो.

त्या आनंदात वाड्यावर कडब्याचा भारा पडला होता तो उचलून नेला. वाटेत काही झालं नाही. सोमवारी सकाळी मात्र कूस बदलता येईना. अगदी पहिल्या वर्षीसारखी कळ. कमरेपासून मांडीपर्यंत. तीन दिवस तसाच पडून होतो. दगडाबाईनं शेक दिला, अर्जुनानं मेंढरं नेली. गुरुवारी उठलो तो भिंत धरून. चूळ भरायला वाकलो तर डोळ्यांपुढं चांदण्या आल्या. शिंक आली तरी भीती वाटते. आज जरा बरं आहे, पण पट्टा पुन्हा बांधला आणि व्यायाम थांबवले.

देवानं आपला शब्द राखला नाही, असं मी म्हणणार नाही. माझ्याच भक्तीत कुठं कमी पडलं असेल. पण शरयूताईंना एक विचार. रागानं नाही, मला खरंच जाणून घ्यायचं आहे. ज्यानं सांगितलं तसं रोज केलं, त्याला गुण का येऊ नये?

गिऱ्हाइकाला मी २३ फेब्रुवारीला बोलावलं आहे. विश्वजितला माझा होकार सांग. पंखा लावलास, बरं झालं.

लोभ कर म्हणायचीही हिंमत होत नाही, तरी कर.

जोतीराम


।। श्री ।।

सांगली
३ फेब्रुवारी २०२५

चि. जोतीराम यास अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र वाचून मला रडू आलं न्हाई, राग आला. तसंच पत्र घेऊन शरयूकडं गेले. ती विचारते, एक्केचाळीस दिवस कुणी सांगितले? माझ्या कागदावर कुठं लिहिलंय? मी म्हटलं, बाई, ते आमच्या बिरोबाचं आणि याचं आपसांतलं हाय. तिला समजेना. शेवटी मीच उलगडून सांगितलं, की त्यानं व्यायामाचा नवस केला. नवस फेडला आणि आता देणं घेणं संपलं म्हणून बसला. तेव्हा तिनं कपाळाला हात लावला. ती म्हणते, हे संपवायचं नसतं, चालू ठेवायचं असतं. कंबर पुरती मोकळी होईल असं तिनं कधी कबूलच केलं नव्हतं. दुखणं कमी होईल आणि कामं जास्त होतील, एवढंच ती बोलली होती. मला आठवतंय, मी तिथंच होते आणि मला ऐकू आलं होतं. तुला दोन चांगले कान असून आलं न्हाई.

काल चारली म्हणून मेंढरं आज कोंडून ठेवतोस का रं? तसंच हे.

आणि साडेपाच किलोवाल्यानं कडब्याचा भारा उचलायचा नसतो. कळ आली ती काही मोडलं म्हणून न्हाई, एकदम झेपेना एवढं केलं म्हणून, असं ती म्हणते. पाय बधिर न्हाई, लघवी नीट हाय, तर पडून राहू नकोस. चार किलोपासून पुन्हा धर. बधिरपणा आला तर मात्र तडक दवाखाना गाठ.

आता माझं ऐक. मूर्खा, सहा वर्षांनी तू देवापुढं पालथा पडलास आणि आपला आपण उठलास, ते एका ओळीत उरकलंस. दुखण्याला मात्र अर्ध पान. शरयूनं त्या एका ओळीखाली पेनानं रेघ ओढली आणि पत्र मला परत दिलं. तिला दंडवताचं मी सांगितलं न्हवतं, तिचं तिलाच कळलं.

आणखी एक. हे लिहू की नको असं चार दिवस चाललं होतं. विश्वजितला तुझ्यासाठी जागा बघायला मीच लावलं. तुझी कंबर हे निमित्त. घरात माणसं भरपूर हायत, सगळी चांगली हायत, पण ऐकू येत नसलं की त्यांची तोंडं हलताना नुसती बघत बसायची. मला वाटलं, जोती मागच्या खोलीत असला म्हणजे आपलं एक माणूस होईल. खुर्चीत आठ तास बसणं म्हणजे कमरेला आराम नव्हे, हे शरयूनं मला नोव्हेंबरातच सांगितलं होतं. ते मी तुझ्यापासून लपवलं. आता लिहून टाकलं.

तू ये असंही मी म्हणत न्हाई आणि येऊ नको असंही न्हाई. विश्वजितला तुझा होकार अजून कळवलेला न्हाई. त्यानं दोनदा विचारलं, मला ऐकू आलं न्हाई.

रागावली असले तरी तुझीच,
अक्का


।। बिरोबा प्रसन्न ।।

गोरडवस्ती
रविवार, २ मार्च २०२५

ती. अक्का,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र मिळालं त्याच दिवशी चार किलोची बाजरी पुन्हा बांधली. बिरोबाला यावेळी काही बोललो नाही. नुसता पाया पडलो. काही न मागता देवळातून परत येताना फार चमत्कारिक वाटलं, हात रिकामे असल्यासारखं.

तू लपवलेलं लिहिलंस ते मी दगडाबाईला वाचून दाखवलं. ती म्हणाली, वन्संनी भावाला मागितला, त्यात लपवण्यासारखं काय होतं? मलाही तसंच वाटतं. तर नऊ तारखेला माझ्या वाड्यावर कातरणी आहे, तू ये आणि आठ दिवस राहा. कातरताना सगळेच ओरडून बोलतात, तुला सगळं ऐकू येईल. दर दोन महिन्यांनी मी शरयूताईंना कंबर दाखवायला येईन आणि त्या खोलीत चार दिवस मुक्काम करीन. पंखा फुकट जाणार नाही.

तेवीस तारखेला फलटणचा गिऱ्हाईक आला. मेंढरांच्या पाठीवरून हात फिरवून खूश झाला. आदल्या दिवसापर्यंत माझ्या मनात असं होतं, की त्याला आठ दिवस थांबवावं, अर्जुनाकडच्या कातरणीला जावं, दहा मेंढरं कातरून झाली तर कळप ठेवावा, नाहीतर देऊन टाकावा. मग बाजरी उचलता उचलता लक्षात आलं, की हा पुन्हा नवसच झाला. तेव्हा चहा देऊन त्याला सांगितलं, की मेंढरं द्यायची नाहीत. त्यानं विचारलं, कंबर बरी झाली का? मी म्हटलं, नाही. मग का, असं म्हणून तो माझ्याकडं बघत राहिला. मी त्याचा कप पुन्हा भरला. विश्वजितला सांग, ती जागा गरजू माणसाला द्यावी, आणि मामानं त्याचे आभार मानले आहेत.

मग मी कातर शोधायला गेलो. गंजून गेली असेल असं धरून चाललो होतो. दगडाबाईनं ती तेल लावून, फडक्यात गुंडाळून ठेवली होती. दर दिवाळीला ती धार लावून आणत होती म्हणे. सहा वर्षं मला बोलली नाही, आणि मीही कधी विचारलं नव्हतं.

परवा शुक्रवारी अर्जुनाच्या वाड्यावर गेलो. कातर पाहून सगळ्यांचे हात थांबले. अर्जुना तेवढा म्हणाला, पाणी वाढायला आलास का कातरायला, ते आधी सांग गड्या. मी खाली बसलो, तशी त्यानं एक म्हातारी मेंढी माझ्याकडं लोटली. मला जरा राग आला, पण त्याचं बरोबर होतं, ती हलत नव्हती. एक झाली की मी उठायचो, एक चक्कर मारायचो, कमरेवर हात ठेवून पाठ मागं ताणायचो आणि पुन्हा बसायचो. रविराज म्हणाला, आवं, जोतीआबा दर मेंढीला प्रदक्षिणा घालाय लागल्यात, आज काय उरकत न्हाई. दुपारपर्यंत माझ्या सात झाल्या. अर्जुनाच्या सव्वीस. एकीला कातर लागली, तिला हळद भरली. पूर्वी मी तिसाच्या खाली उठत नसे. पण सात म्हणजे किती असतात, हे मला आधी ठाऊक नव्हतं.

काल सकाळी दुखलं, आजही दुखतं आहे. मी अंथरुणावर पडून थोडा वेळ नुसतं पाहत राहिलो, कुठून निघतं, कुठवर जातं, उठल्यावर किती उरतं. पूर्वी दुखायला लागलं की मी श्वास धरून बसायचो, असं कधी पाहिलं नव्हतं. अर्धा व्यायाम केला आणि मेंढरं सोडली.

शुक्रवारी कातरणाऱ्यांच्या पंगतीत बसलो. जेवण झालं की तिथंच पुढच्या पाळ्या ठरतात. अर्जुना एकेकाचं नाव घेत गेला, कुणी कुठल्या दिवशी कुणाच्या वाड्यावर जायचं ते, आणि सवयीनं माझं नाव ओलांडून पुढं गेला. मी त्याला थांबवलं. सगळ्यांदेखत माझं नाव मीच घेतलं आणि उरलेल्या सगळ्या वाड्यांवर घातलं. उद्या सकाळी रविराजकडं जायचं आहे.

तुझ्या मायेत उणं येऊ देऊ नकोस, एवढंच मागणं.

तुझा,
जोतीराम